दाराबाहेरून ऐकलेला बँड

दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि आत आपण वाजवतो आहोत हे त्याला ऐकू आलं. पाठीवर बेस गिटार होती, तिचा पट्टा डाव्या खांद्यात रुतला होता, बोटं मुठीच्या गार पितळेवर होती. म्हणजे तो बाहेर होता यात शंका घ्यायला जागा नव्हती. आणि तरी दाराच्या फटीतून, भिंतीतून, बुटांच्या तळव्यांतून जो येत होता तो त्याचाच बेस होता. ड्रम होते, लांब्याची गिटार होती, गायिका सिस्टरचं ओरडणं होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली, जिथे एरवी तो असायचा तिथे, तो होताच. त्याने हात मुठीवरून काढून घेतला. चोरी करताना सापडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. खरं तर चोरी चालली असेल तर ती आत चालली होती, पण चेहरा पडला ह्याचा. असं त्याचं जन्मभर होत आलं होतं. लहानपणी वर्गात दुसऱ्याने शिट्टी मारली तरी कान ह्याचे लाल व्हायचे.

ही गालिच्यांच्या जुन्या गोदामाची इमारत. गालिचे गेले, मालकाने पुठ्ठ्यासारख्या भिंती घालून खोल्या पाडल्या आणि तासांवर भाड्याने दिल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी ट्रम्पेटवर एकच सूर घासत होतं. रविवारची दुपार होती आणि त्याला यायला उशीर झाला होता. उशिराचं कारण सांगण्याजोगं नव्हतं. बसथांब्यावर बसून त्याने दोन बस सोडल्या होत्या, कारण त्याला एक वाक्य नीट पाठ करायचं होतं. वाक्य अगदी साधं: मी आता थांबतो. दोन वर्षं हे वाक्य त्याच्या तोंडात होतं. दात घासताना यायचं, दुकानात चष्म्याची काच चाकावर घासताना यायचं, आणि या खोलीत पाऊल टाकलं की गिळलं जायचं. पुढच्या आठवड्यात मोठ्या दौऱ्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. जवळजवळ अर्धं वर्ष गाडीत राहायचं, रोज नवं गाव, रोज तोच गोंगाट. आज बोलला नाही तर पुन्हा गेलाच. मुलगी आठ वर्षांची झाली होती. मागच्या दौऱ्याहून तो परत आला तेव्हा तिने दार उघडून "आई, बाबा आलेत," असं आत सांगितलं होतं, अगदी पाहुणे आल्यासारखं, आणि पाण्याचा पेला आणून दिला होता. तो पेला त्याने पाहुण्यासारखाच दोन्ही हातांनी घेतला होता. बायको काही बोलली नव्हती. ती पोहायला शिकवते. माणूस घाबरलेला असताना त्याला बोलून उपयोग नसतो, हे तिला धंद्यानेच शिकवलं आहे.

आता ते वाक्य तोंडात होतं आणि आत कुणीतरी त्याच्या जागेवर उभं होतं. कोण? त्याने कान दाराला लावला. पहिल्यांदा जे वाटलं ते सरळ सांगायचं तर मत्सर वाटला. दोन वर्षं ज्या जागेवरून उठायचा बेत चालला होता त्या जागेवर दुसरा कुणी बसला आहे म्हटल्यावर ती जागा एकदम लाखमोलाची झाली. तरुण असेल, बोटं लवचीक असतील, गाडीत झोपून सकाळी कंबर धरून उठत नसेल. मग दुसरं कडवं आलं आणि एका जागी तारेची बारीकशी कुरकुर ऐकू आली. ती कुरकुर त्याने लगेच ओळखली. गेल्या वर्षी हे सगळ्यात जुनं गाणं त्यांनी नव्याने रेकॉर्ड केलं तेव्हा त्याचं बोट तिथे निसटलं होतं. पुन्हा वाजवतो म्हणाला होता, सिस्टर म्हणाली होती राहू दे. म्हणजे आत माणूस नव्हता. आत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपात तो स्वतः. यावर हसावं की रडावं ते त्याला कळेना. माणूस असता तर निदान भांडता आलं असतं. आपणच आपल्याला हाकललं तर तक्रार कुणाकडे करायची?

त्याला पहिला ड्रमर आठवला. हा बँड सुरू झाला तेव्हा ते चौघं होते: तो, त्याचा मावसभाऊ, पहिला ड्रमर आणि एक गिटारवाला, जो पहिल्याच हिवाळ्यात लग्न करून गेला. मावशीच्या घरी मोटार ठेवायच्या खोलीत ते वाजवायचे. मोटार बाहेर पावसात उभी असायची आणि काका खिडकीतून तिच्याकडे असे बघायचे, जणू तिलाच घराबाहेर काढलंय. त्यांच्या संगीताला मेटलकोर म्हणतात हे त्यांना पुढे दुसऱ्यांकडून कळलं. त्यांना एवढंच माहीत होतं की गिटार जितकी जड वाजवता येईल तितकी वाजवायची, ड्रम जितके पळवता येतील तितके पळवायचे, मावसभावाने नरडं फाटेस्तोवर ओरडायचं, आणि मग मध्येच सगळं थांबवून एकदम संथ, एकदम वजनदार ठोके घालायचे. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. तिथे समोरच्या माना खाली-वर व्हायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही. पहिला ड्रमर ठोके चुकवायचा. सगळे चिडायचे, पण तोंडावर कुणी बोलायचं नाही. शेवटी एक दिवस बाकीच्यांनी खोलीचं कुलूप बदललं. ड्रमर आला तेव्हा हा एकटाच आत होता. किल्ली भोकात फिरत नाही, पुन्हा घातली जाते, पुन्हा फिरत नाही, मग बाहेर हळूच "अच्छा" म्हटलं जातं आणि पावलं दूर जातात, हे सगळं त्याने दाराच्या आतल्या बाजूने ऐकलं होतं. तो उठेपर्यंत अंगण रिकामं झालं होतं. त्याच आठवड्यात त्याने बँडला नियम घातला, आणि इतक्या वर्षांत त्याने घातलेला तो एकच नियम: इथे कुणी कुणाला जा म्हणायचं नाही. ज्याला जायचंय त्याने आपल्या तोंडाने सांगायचं, आणि पुढच्याला शिकवून जायचं. नियम सगळ्यांनी पाळला. मावसभाऊ गेला तेव्हा पुढच्या गायकाला आठवडाभर घरी ठेवून घेऊन, जेवू घालून ओरडायला शिकवून गेला. आता तो शाळेची बस चालवतो आणि मुलं म्हणतात, काका किती हळू बोलतात.

जाणारे जात राहिले आणि हा राहिला. का राहिला? मुलाखतीत विचारायचे तेव्हा तो निष्ठा वगैरे म्हणायचा. मनातलं कारण वेगळं होतं. त्याला वाटायचं आपण हात काढला की हे सगळं धाडकन खाली येईल, आणि मग जे जे इथे येऊन राबून गेले त्या सगळ्यांची वर्षं मातीत जातील. ती वर्षं ते विश्वासाने त्याच्याकडे ठेवून गेले होते. दुसरा गायक गोड गळ्याचा होता, त्याला सगळे गोड्या म्हणत. त्याच्यामुळे ओरडण्याच्या मध्ये गाणं आलं, गुणगुणता येईल असं, आणि त्याबरोबर पोरीबाळीही समोर उभ्या राहायला लागल्या. जुन्या लोकांनी शिव्या घातल्या. एकाने तर बँडच्या नावाचं गोंदण हातावर होतं त्याच्यावर आडवी रेघ गोंदवून घेतली आणि तो हात मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन दाखवला. मग कीबोर्डवाला आला आणि दोन वर्षं नाचायचं संगीत वाजलं. त्या काळातलं आता कुणी काही वाजवत नाही, आठवण निघाली की सगळे बुटांकडे बघतात. मग लांब्या आला, सात तारांची गिटार घेऊन, आणि सगळे सूर खाली गेले, इतके खाली की बेसचा आणि मालवाहू गाडीचा आवाज सारखाच यायला लागला. गोड्या म्हणाला, या चिखलात मी गाऊ शकत नाही, आणि जाहिरातींना आवाज द्यायला निघून गेला. जाताना सिस्टरला शोधून, शिकवून गेला. सिस्टर म्हणजे खरोखरची सिस्टर, इस्पितळात नर्स. ती ओरडते आणि गातेही, एकाच श्वासात. सगळ्यांत शेवटी पिल्लू आला, ड्रमवर. पिल्लू त्यांची पहिली रेकॉर्ड लावून तिच्यावर ड्रम शिकला होता, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या रेकॉर्डवर पहिल्या ड्रमरने चुकवलेले ठोके होते. पिल्लूने तेही जसेच्या तसे घोकले होते. पहिल्या तालमीला त्याने ते वाजवले तेव्हा ह्याच्या अंगावर काटा आला. कुलपाबाहेरून परत गेलेला माणूस असा दुसऱ्याच्या हातांतून आत आला होता. इतकी माणसं बदलली, संगीत पार बदललं, आणि प्रत्येक बदलात हा आपला त्याच जागी उभा, नवीन आलेल्याला सांगत की घाबरू नकोस, माझ्याकडे बघ.

माझ्याकडे बघ! आत गाणं तिथे यायला लागलं होतं जिथे सगळे त्याच्याकडे बघत. या गाण्यात ब्रेकडाउनच्या आधी सगळं एकदम थांबतं. काही वाजत नाही. ती शांतता किती वेळ धरायची हे कुठे लिहिलेलं नाही, मोजलेलं नाही. तो हनुवटी खाली करी आणि सगळे एकदम कोसळत. लोक त्या शांततेबद्दल काय काय बोलायचे. एकाने तिला मृत्यू म्हटलं होतं. मुळात प्रकार एवढाच होता की मावसभावाला ओरडून ओरडून धाप लागायची, त्याला दम घ्यायला वेळ हवा असायचा. हा त्याच्या पाठीकडे बघत राही. खांदे वर आले, छाती भरली, की हनुवटी. मावसभाऊ बँड सोडून गेला त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. पुढचे गायक वेगळ्या छातीचे होते, सिस्टर तर श्वासाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. पण शांतता तेवढीच राहिली होती. हे त्याच्या आत्ता, दाराला कान लावलेला असताना, लक्षात आलं. इतकी वर्षं हजारो लोकांना अंधारात ताटकळत ठेवून तो एका बसचालकाचा श्वास भरायची वाट बघत होता.

सगळं थांबलं. लॅपटॉपातला तोही थांबला, कुणीतरी कळ दाबून थांबवला असणार. शेजारचा ट्रम्पेटसुद्धा नेमका तेव्हाच थांबला. आता आत कुणाची हनुवटी नव्हती. त्याची आपोआप खाली गेली, रिकाम्या बोळात, दाराकडे तोंड करून. आणि काही झालं नाही. ते आले नाहीत. चुकले, असं त्याला वाटलं. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर बरंही वाटलं. बघा, नाही जमत माझ्याशिवाय. शांतता लांबत गेली. त्याला आता तिच्यात उभं राहवेना. इतकी वर्षं ती त्याने घडवली होती, आतून ती कशी असते हे त्याला माहीत होतं, पण बाहेरून ती अशी असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग आत सिस्टरने श्वास घेतला, तो दारातूनही ऐकू आला, आणि ते सगळे मिळून खाली आले. दार हललं. फरशी हलली. ते उशिरा आले होते, त्याच्यापेक्षा पुष्कळ उशिरा, आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं होतं. काही मिनिटांपूर्वीचा मत्सर शोधूनही सापडेना. त्याचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं तो जीव कुठे टांगलेला होता हे पडल्यावरच कळलं. हे पडणार नाही. आपण हात काढला तरी हे पडत नाही. कदाचित मधली कित्येक वर्षं आपण हात नुसताच लावून उभे होतो. यात अपमान वाटायला हवा होता. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायला लागलं, आणि त्याच भरात त्याने दार ढकललं.

"दादा!" पिल्लू ओरडला आणि त्याने लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. गाणं अर्ध्यात तुटलं.

"तुला उशीर झाला ना, म्हणून आम्ही जरा…" लांब्या म्हणाला. लांब्या इतका उंच आहे की त्याला खोटं बोलायला लपण्यासारखी जागाच मिळत नाही.

"किती दिवस चाललंय?" ह्याने विचारलं.

सिस्टरने मायक्रोफोन खाली ठेवला. "उन्हाळ्यापासून. दर बुधवारी, तू दुकानात असतोस तेव्हा."

"आणि मला सांगायचं कुणी?"

"कसं सांगणार? नियम कुणाचा आहे?" ती म्हणाली. "कुणी कुणाला जा म्हणायचं नाही. आम्हाला तुला जा म्हणायचंच नव्हतं. पण तू जाणार हे दिसत होतं. तू बोलेनास, आम्हाला बोलता येईना. मग तू सांगशील त्या दिवशी आम्ही आडवे पडायला नको, म्हणून तयारी करत राहिलो. रुग्णाच्या नातेवाइकांसारखी अवस्था झाली होती आमची. बाहेर बसायचं आणि कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"जाणार हे कशावरून दिसलं?"

लांब्याने पिल्लूकडे पाहिलं, पिल्लूने लांब्याकडे. "अरे, मागच्या दौऱ्यात तू गाडीत काय करत होतास?" लांब्या म्हणाला. "तिकडे सगळे बँड दंगा करतायत आणि तू दिव्याखाली बसून त्यांचे चष्मे दुरुस्त करतोयस. रांग लागायची तुझ्यापुढे. त्या दाढीवाल्या गायकाच्या चष्म्याची दांडी बसवलीस तेव्हा जसा हसलास ना, तसा मी तुला स्टेजवर कितीतरी वर्षांत हसताना पाहिला नव्हता."

त्याला ती दांडी आठवली. स्क्रू झिजला होता, गिटारच्या तारेचा तुकडा घालून बसवली होती. खरंच सुरेख बसली होती. मग त्याने तोंड उघडलं, आणि दोन वर्षं घोकलेलं वाक्य ऐन वेळी उलटंसुलटं बाहेर आलं. "म्हणजे मी आज… तेच सांगायला येत होतो. थांबतो म्हणून. दोन वर्षं सांगायचं होतं. त्यासाठी दोन बस सोडल्या मी."

मग सिस्टर हसायला लागली. ती हसते तेव्हाही छातीपासून हसते. "दोन वर्षं, अरे! दोन वर्षं आपण एकमेकांना सांभाळत बसलो!" लांब्या भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हसला. पिल्लू मात्र ड्रमच्या मागे तसाच होता, आणि त्याचे डोळे भरले होते. "दादा, रागावलात?" त्याने विचारलं.

"रागावलो होतो. बाहेर. तुझ्या त्या डब्यावर." त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "माझ्या जागी माणूस तरी आणायचा."

"माणूस आम्ही कसा आणणार?" पिल्लू नाक पुसत म्हणाला. "पुढच्याला तुम्ही शिकवायचं ना. तोपर्यंत तुमची जागा तुम्हीच वाजवायची असं ठरलं होतं."

त्याने पाठीवरची बेस गिटार काढली, पिशवीसकट कोपऱ्यात उभी केली, आणि खांदा गोल फिरवला. खांद्यात कट्ट झालं. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. जे यायचं ते आलं आणि गेलं, शिंक यावी तसं. बायकोला सांगायचं होतं, मुलीला सांगायचं होतं. पण घाई नव्हती. आता कशाचीच घाई नव्हती, हे इतकं नवीन होतं की तो खोलीच्या मधोमध काही न करता उभा राहिला. मग त्याने रिकामा क्रेट ओढला, उलटा केला आणि स्पीकरांच्या समोर, जिथे लोक उभे राहतात तिथे, ठेवून त्यावर बसला.

"वाजवा," तो म्हणाला. "पहिल्यापासून. अर्ध्यात तोडू नका आता."

"तू ऐकणार?" सिस्टरने विचारलं.

"मी कधी ऐकलंय?"

त्यांनी वाजवलं. स्टेजवर त्याच्या कानात कायम ड्रम आणि मोजणीचा टकटक आवाज असायचा, बाकीचं अंदाजाने. आता सगळं एकदम अंगावर आलं. लांब्या डाव्या हाताने जे करत होता ते त्याने अकरा वर्षं शेजारी उभं राहून पाहिलं नव्हतं. पिल्लू चुकीचे ठोके बरोबर चुकवत होता. सिस्टर गात होती, ओरडत होती, आणि त्याला पहिल्यांदाच त्या ओरडण्यातला शब्द नि शब्द कळत होता. खाली बेस चालला होता, बरा होता, कुरकुर आली तेव्हा तो स्वतःवरच चुकचुकला. आणि शांतता आली तेव्हा त्याने काहीही केलं नाही. हनुवटी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो इतरांसारखा बसून राहिला, तोंड थोडं उघडं, पुढे काय होणार हे माहीत नसल्यासारखा. मग ते कोसळलं, आणि त्याची मान सुटली. त्याने काही ठरवलं नव्हतं. मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, केस होते नव्हते ते डोळ्यांत आले, क्रेट हलायला लागला, चष्मा उडून कुठेतरी ड्रमच्या खाली गेला, आणि धूसर झालेल्या त्या खोलीत, कुणाकडेही लक्ष न ठेवता, चाळिशी उलटलेला तो माणूस शेवटच्या ठोक्यापर्यंत डोकं झटकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात त्याला मान वळवता येईना. काच चाकावर धरायची तर सगळं धड वळवावं लागत होतं. दुकानाच्या मालकीणबाई काउंटरवरून बराच वेळ बघत होत्या.

"काय हो, मानेला काय झालं?"

"काल एका बँडला गेलो होतो. ऐकायला."

"तुम्ही? ऐकायला?" बाईंनी आपला चष्मा कपाळावर सरकवला. "बरा होता का?"

त्याने चाक बंद केलं. काच उजेडाकडे धरली, कडेवरून बोट फिरवलं, आणि नीट विचार केला.

"फार चांगला बँड आहे हो," तो म्हणाला. "तुम्ही एकदा ऐकाच."